टोपीवाल्याची आंघोळ

आमच्या घरात बंदूक चालवायची ती एकटी माझी बायको.

घाबरू नका, लायसनची भानगड नव्हती. बंदूक टीव्हीत होती. दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली की हौसा पदर खोचून टीव्हीपुढं मांडी घालायची आणि धारेची वेळ होईपर्यंत दरोडेखोर मारायची. मी बाहेर ओट्यावर आडवा. आतून नुसतं ढिशक्यांव, ढिशक्यांव! नवा माणूस दारात आला की दचकायचा.

"तात्या, आत काय चाललंय?"

"काय न्हाय. मंडळी चार माणसं मारून चहा टाकंल. बसा."

आता हौसा नाही. गेली. वर्ष उलटलं. तेव्हापासून घरात गोळीचा आवाज नाही, त्यामुळं मला दुपारची झोप नाही. (लोकांची झोप आवाजानं मोडते. आमचं सगळंच उलटं!)

त्या खेळाची कॅसेट होती. गाण्याची नव्हे, खेळायच्या डब्यात वरून खोचायची, पंजाएवढी, काळी, जाडजूड. वर रंगीत कागद चिकटवलेला. कागदावर घोड्यावर बसलेला एक टोपीवाला, कमरेला बंदूक, मागं तांबडं माळरान. साखर कारखान्यात एक इंजिनियर होता, जपानला जाऊन आलेला. तो नोकरी सोडून निघाला तेव्हा घरातलं सामान विकत होता. आमचा संजय तेव्हा शाळेत. त्यानं रडून, लोळून, जेवण सोडून खेळायचा डबा आणि ती कॅसेट घ्यायला लावली, खोक्यासकट. आठवड्यात त्याचं मन भरलं. हौसाचं जन्मभर भरलं नाही.

तिला खेळ कुणी शिकवावा लागला नाही. तिचं माहेर पळसदेवकडचं, मेंढरांमागं वाढलेली बाई. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अवं, ह्यो तर गुराखी हाय! आपल्यावानीच माळानं हिंडतोय. ह्याला घोडा दिला, आपल्याला पाय दिलं, येवढाच फरक."

"आन बंदूक?"

"मग? लांडगं आलं तर काय टाळ्या वाजवायच्या?"

त्या खेळात एक गाव यायचं आणि गावात घोड्यांना पाणी प्यायचा लाकडी हौद. तिथं हौसा घोडा उभा करायची, बटणावरचा हात काढायची आणि निवांत बसून राहायची.

"अगं, मागनं चोर येतोय! मार की!"

"येऊ द्या. जनावर तहानलंय."

घोडा पाणीबिणी काही पीत नव्हता, बरं का! चित्रातला घोडा तो, मान सुदिक खाली घालत नव्हता. पण हौसा थांबायची. त्यापायी टोपीवाला किती वेळा गोळी खाऊन पडला! पण घोडा तहानलेला पुढं गेला नाही.

आमचं रान निरवांगीच्या रस्त्याला लागून. दिवाळी झाली की त्या रस्त्यानं मेंढरांचे कळप जातात. हौसाचं एकच टुमणं होतं, बांधावर एक हौद बांधा, येत्याजात्या जनावरानं तोंड लावावं. मी म्हणायचो, बांधू की. ती म्हणायची, कवा? मी म्हणायचो, बांधू की! एवढ्यात उसाची तोड यायची, नाहीतर मोटार जळायची. हौद राहिला, आणि हौसा गेली.

तर परवाच्या उन्हाळ्यात संजयनं तिची ट्रंक उघडली. लुगड्यांखाली, जुन्या धडुत्यात गुंडाळलेली ती कॅसेट. खोकं पण नवं कोरं. पोरानं फोटो काढून मोबाईलवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन. लेले म्हणून कुणी साहेब. जुन्या खेळांच्या कॅसेटी जमवायचा त्यांना नाद. संजय फोन ठेवून अंगणात नाचायलाच लागला.

"तात्या! अस्सल जपानी हाय! बाजारात नक्कलच फिरती, अस्सल दिसतच न्हाय म्हनं! खोक्यासकट तर न्हाईच न्हाय! अवं, हिच्यात म्हशीची जोडी येईल!"

"म्हशी नकोत. हौद."

"तात्या, आधी म्हशी, मग दुधावर हौद..."

"तुझ्या आईची वस्तू हाय. आधी हौद."

संजय माझ्या सुनंकडं बघायला लागला. सुरेखा गव्हातले खडे काढत होती. मान वर न करता म्हणाली, "हौदच. आत्यांच्या नावाचा." विषय संपला. आमच्या घरात असंच चालतं. आधी हौसा विषय संपवायची, आता सुरेखा. आम्ही पुरुषमाणसं विषय सुरू करण्यापुरती.

लेलेसाहेब मग माझ्याशीही बोलले. फार गोड माणूस. "काका, एकच विनंती. तिला अजिबात हात लावू नका. पुसू नका, धुऊ नका, काही करू नका. आहे तशीच ठेवा. मी रविवारी येतो."

मी फोन ठेवला आणि विचारात पडलो. मी चौथी शिकलेला माणूस, पण बाजारात माझं केस पांढरं झालं. बैल विकले, म्हशी विकल्या, मेंढरं तर जन्मभर राखली आणि कळपानं विकली. बाजाराला जनावर न्यायचं तर घासून धुवायचं, तेलाचा हात फिरवायचा, शिंगं रंगवायची, गळ्यात गोंडा बांधायचा. मगच माणूस थांबून बघतो. आणि हा घेणारा म्हणतो, धुऊ नका! का म्हणतो? घेणाऱ्याला धुतलेलं का नको? सरळ हाय! धुतलं तर भाव वाढंल!

पण उगीच एकट्याच्या डोक्यानं जायला नको म्हणून मी बाजीरावला फोन लावला. बाजीराव म्हणजे हौसाचा धाकटा भाऊ. शेळ्यामेंढ्यांची दलाली करतो. मेलेलं जनावर झोपलंय म्हणून विकील, अशी त्याची ख्याती.

"दाजी, घेणारा सवताच्या तोंडानं म्हनला, धुऊ नका?"

"व्हय."

"हात बी लावू नका?"

"व्हय रं."

"पक्का चालू हाय! दाजी, शनवारी येतो. दोघं मिळून धुऊ!"

शनिवारी संजय कामाला इंदापूरला गेलेला, सुरेखा बचत गटाच्या बैठकीला. घर मोकळं. बाजीरावनं बाह्या सारल्या. घंगाळात कोमट पाणी काढलं, त्यात साबणाची वडी किसून फेस केला आणि बैल घासायचा ब्रश घेऊन कॅसेट आंघोळीला बसवली. काय घासली, काय घासली! काळी होती ती आणखी काळी झाली.

"दाजी, लख्ख झाली बघा!"

"बाजीराव... टोपीवाला कुठं गेला?"

दोघांनी घंगाळात बघितलं. टोपीवाल्याचं तोंड फेसावर तरंगत होतं. घोडा तेवढा अर्धा कॅसेटीवर होता, आणि त्याच्यावर बसायला कुणी नाही!

दुसरा माणूस असता तर इथं थांबला असता. पण बाजीराव बाजारातला माणूस. म्हणाला, "काळजी करू नका. शिंगाची साल निघाली तर काय करता? रंगवता का न्हाय?" बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला डबा गोठ्यात होता. निळा वाळून खडक झालेला, तांबडा चालू होता. मी काडीला कापूस गुंडाळला आणि बसलो चित्र काढायला. (शाळेत असताना मी एकदा हत्ती काढला होता. मास्तर म्हणाले होते, कोबी छान आलाय.) टोपी काढली, तोंड काढलं. बाजीराव वाकून वाकून बघत होता.

"मिशी काढा, दाजी."

"त्याला मिशी नव्हती रं."

"बंदूक हाय, घोडा हाय, आन मिशी न्हाय? बघणारा काय म्हनंल?"

काढली मिशी. जरा मोठी झाली. टोपीच्या बाहेर गेली म्हणा ना! मग खोबरेल तेलाचा हात दिला, गोंडा बांधला, नजर लागू नये म्हणून काळा दोराही बांधला. कॅसेट नवरदेवासारखी दिसायला लागली. मला तर भरूनच आलं. हौसा असती तर म्हणाली असती... काय म्हणाली असती ते जाऊ द्या.

एवढ्या गडबडीत खोकं राहिलं. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून ते आम्ही बाजेवर उन्हात ठेवलेलं. मी वळून बघतो तर बाजेवर खोकं नाही. बाजेशेजारी आमची ढवळी शेळी उभी, डोळे मिटून, समाधानानं चघळत. तिच्या तोंडाबाहेर पुठ्ठ्याचा एवढासा तुकडा आणि त्या तुकड्यावर जपानी घोड्याची शेपटी!

"धर! धर तिला!"

बाजीरावनं तिचे कान धरले, मी शेपटी धरली. शेळीची नव्हे, घोड्याची! मी ओढतोय, ढवळी गिळतेय. शेवटी ढवळी जिंकली.

तेवढ्यात सुरेखा आली. आधी तिनं शेळी बघितली, मग आम्हाला बघितलं, मग ओट्यावर गोंडा घालून बसलेली कॅसेट बघितली.

"तात्या, ह्ये काय?"

"तुला बाजाराची रीत न्हाय कळायची."

"साहेब म्हनलं हुतं..."

"साहेब घेणारा हाय. घेणाऱ्याचं ऐकून कुणी विकतं का?"

सुरेखा काही बोलली नाही. नुसती आत गेली. ती काही बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

रविवारी लेलेसाहेब आले. बारामतीवरून रस्ता चुकत चुकत आलेले, घामाघूम. पण चेहरा असा, की मुलगी बघायला आलाय आणि मुलगी पसंत पडणार हे आधीच ठाऊक आहे! खिशातून पांढरे हातमोजे काढले, भिंग काढलं. "काका, मला खरंच झोप लागली नाही हो! लहानपणापासून शोधतोय मी ही!"

मी बाजीरावकडं बघितलं. बाजीरावनं डोळा मारला. झोप लागली नाही म्हणजे भाव वर!

आता गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात द्यायचा आणि बोटं दाबून बोलायचं, म्हणजे चारचौघांना कळत नाही. बाजीरावनं साहेबांच्या शेजारी बैठक मारली, खांद्यावरचं उपरणं साहेबांच्या मांडीवर टाकलं आणि खालून त्यांचा हात गच्च पकडला.

"अहो! अहो, काय करताय?"

"बोला, साहेब."

"काय बोलू? हात सोडा आधी!"

"तोंडानं न्हाय, बोटानं बोला."

साहेब पांढरेफटक. त्यांना वाटलं असणार, आपली अंगठी चालली. भीतीनं त्यांचा हात थडाथडा उडायला लागला. बाजीरावचं तोंड उजळलं. माझ्या कानात म्हणाला, "दाजी, असला दिलदार माणूस बघितला न्हाय! न थांबता वाढवतोय!"

"अरं मामा, सोड त्यांना!" संजय धावला. "आधी माल तर दाखवा!"

मी आतून टॉवेलखाली झाकलेली कॅसेट आणली. पाटावर ठेवली. टॉवेल काढला.

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग हळूच खाली बसले.

"हे... हे कोणी केलं?"

"आमीच. तेल बी लावलंय."

"आणि हे लोंबतंय काय?"

"गोंडा हाय त्यो. कॅसेटीबरोबर फुकट."

"काका... खोकं?"

मी ढवळीकडं बोट दाखवलं. ढवळी रवंथ करत होती. साहेब बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. तिनं पण बघितलं. शेवटी साहेबांनीच नजर खाली घेतली.

"काका, किंमत त्या चित्राची होती. खोक्याची होती. कारखान्यातून आली तशी राहिली, म्हणून किंमत होती. म्हणून तर सांगितलं होतं ना, हात लावू नका!"

"म्हंजी तुमी खरंच सांगत हुता?"

"मग काय खोटं?"

"साहेब, बाजारात मला आजवर कुणी खरं सांगितलं न्हाय हो. मला कसं कळावं?"

संजयनं कपाळाला हात लावला. मला म्हशींचं काही नव्हतं. माझ्या डोळ्यापुढं बांध आला आणि बांधावर हौद नव्हता. सुरेखा दारात उभी होती.

साहेबांनी मग छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून कॅसेट उघडली. ("दात बघतोय," बाजीराव कुजबुजला.) आतून पाण्याचा थेंब पडला आणि खोबरेलाचा वास आला. साहेबांनी कापसानं सगळं टिपलं, घटकाभर उन्हात वाळवलं, पुन्हा कापूस फिरवला. "आतून अस्सल आहे. चालते का बघू तरी," म्हणाले. आवाज असा, की आजारी माणसाची नाडी बघतायत.

हौसाचा जुना टीव्ही पुसून लावला. डब्यात कॅसेट खोचली. आधी नुसत्या मुंग्या. साहेबांनी काढून फुंकर घातली, पुन्हा खोचली. आणि ढॅण् ढॅण् ढॅण्! तेच गाणं, तेच तांबडं माळरान, तोच टोपीवाला. बिनमिशीचा.

साहेब खेळायला लागले. बोटं अशी चालत होती की काय सांगू, एकही गोळी वाया नाही. हौसानं मान हलवून दाद दिली असती. घोडा दौडत गावात शिरला, हौद आला, आणि साहेब हौदापुढनं तसेच सुसाट निघाले.

"थांब!" मी असा ओरडलो की बाजीरावच्या हातातला चहा सांडला. "घोड्याला पाणी पाज!"

"काका, इथं पाणी पाजता येत नाही. तो नुसता..."

"साहेब," सुरेखा म्हणाली, "थांबवा. आमच्या आत्या थांबवायच्या."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. घोडा मागं वळवला, हौदापाशी उभा केला आणि बटणावरचे हात काढून मांडीवर ठेवले. आम्ही सगळे घोड्याकडं बघत बसलो. घोडा आमच्याकडं. डाव्या बाजूनं चोर आला, त्यानं बंदूक काढली, ढिशक्यांव! टोपीवाला पडला.

साहेबांनी हळूच विचारलं, "प्याला का, काका?"

"प्याला. आता चालू द्या."

"चालू कसं देऊ? माणूस मेला की!"

"मरू द्या. सवय हाय त्याला."

तिथून जो हशा सुटला! साहेब हसले, संजय हसला, बाजीराव तर ओट्यावरून खाली आला. सुरेखा हसता हसता डोळे पुसत होती. मी पण पुसले. (धुळीनं. आमच्याकडं उन्हाळ्यात धूळ फार.)

जाताना साहेब म्हणाले, नुसत्या खेळण्यापुरत्या कॅसेटीचा भाव देतो. मी विचारलं, किती? त्यांनी सांगितलं. त्यात टोपीवाल्याची टोपी सुदिक आली नसती! मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, साहेब. बाईच्या हातची हाय. स्वस्तात न्हाय जायची." त्यांनाही ते पटलं. त्या चित्राची चांगली छापील प्रत पाठवतो म्हणाले आणि मिशीवाल्या टोपीवाल्याचा एक फोटो काढून घेऊन गेले. हात मात्र खिशात घालूनच निरोप घेतला. बाजीराव जवळ उभा होता.

राहिला हौद. मी ओट्यावर बसून ढवळीकडं बघितलं. खोकं कुणी खाल्लं? हिनं. मग हौद कुणी द्यायचा? हिनंच! ठरलं. ढवळीला बारामतीच्या बाजारात न्यायचं.

बाजीराव सकाळीच ब्रश घेऊन हजर. मी त्याच्या हातावर चापट मारली.

"हात लावायचा न्हाय!"

"दाजी, अंगाला शेण लागलंय तिच्या."

"आसू दे. हाय तशीच न्यायची. अस्सल!"

एकदा फसलो म्हणून काय पुन्हा फसू? नेली तशीच. शेणासकट, गोचिडांसकट, पाठीवर काटेरी डहाळी अडकलेली, तिच्यासकट. बाजारात एक मेंढपाळ थांबला, तिच्याभोवती फिरला आणि नाकाला उपरणं लावलं.

"आबा, शेळी हाय का उकिरडा?"

"कारखान्यातनं आली तशी हाय!" मी छाती काढून सांगितलं.

त्यानं बोटं दाबली. इतकी थोडी दाबली की मला वाटलं, नुसतं रामराम करतोय! दिली. काय करता? कॅसेट धुतली म्हणून भाव गेला आणि शेळी धुतली नाही म्हणून भाव गेला. बाजीराव परतीच्या वाटेवर ब्रश तेवढा मांडीवर घेऊन बसला होता.

पण दिवाळीच्या तोंडावर हौद झाला! कमी पडलं ते संजयनं घातलं, म्हशींबद्दल चकार शब्द न काढता. हौसाच्या मनातल्या हौदाच्या निम्मा असेल, पण गळत नाही. त्याच आठवड्यात साहेबांचं चित्र आलं. झकास टोपीवाला, झकास घोडा. मी खळ लावून ते हौदाच्या भिंतीवर चिकटवलं. सुरेखा म्हणाली, "तात्या, आधी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालून आना."

"काय करायचं न्हाय. हाय तसंच ऱ्हाऊ दे."

सुरेखा घराकडं निघाली. काही बोलली नाही.

दिवाळीनंतर पहिला कळप आला. मी मुद्दाम काठी घेऊन बांधावर जाऊन बसलो. मेंढरं हौदावर तुटून पडली. पाण्याचा तो आवाज ऐकत बसलो होतो, फार बरं वाटत होतं. आणि मेंढरांच्या मागून, मालक तोच बाजारातला, एक शेळी डुलत डुलत पुढं आली. धुतलेली, तेल लावलेली, शिंगं तांबडी, गळ्यात गोंडा! आमची ढवळी! मला ओळख सुदिक दिली नाही. पोटभर पाणी प्याली, तोंड वर केलं, भिंतीवरच्या टोपीवाल्याकडं नीट बघितलं, आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. आधी टोपी, मग बंदूक, मग घोडा.

मी काठी उचलली आणि परत खाली ठेवली. कारण मला हौसाचा आवाज आला, अगदी टीव्हीपुढून यायचा तसा: "जन्मभर मेंढरं राखली म्हनता, आन तुमच्यानं एक टोपीवाला राखवंना व्हय?"